दहा मिनिटांचं गिऱ्हाईक

पहाटे ५.३०

फ्रीज उघडला की मी आधी वास घेते, मग बघते. आंबत्या पिठाचे वास दोन. एक ताकासारखा, हलका. दुसरा नाकात चढणारा, दारूकडे झुकलेला. तो आला तर समजायचं, काल दुपारी पाण्यात बर्फ कमी पडला किंवा रात्री वीज गेली होती. आज ताकाचा आहे. ट्रेमध्ये अठरा उंडे बसलेत, प्रत्येकाच्या कडेला एखाद-दुसरा बुडबुडा. झाकण परत लावते. साडेनऊ वाजेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही.

आमचं दुकान समात आहे, चाणक्यपुरी चार रस्त्यावरून आत वळलं की सोसायटीच्या तोंडाशी. दहा बाय चौदाची खोली, बाहेर उभ्याने खायला एक फळी आणि चार स्टुलं. वर आम्ही राहतो. माझं माहेर दांडिया बाजारातल्या वाड्यातलं. लग्न होऊन शहराच्या या उत्तरेच्या टोकाला आले तेव्हा समा-सावली रोडला संध्याकाळनंतर सामसूम असायची. आता त्याच रस्त्यावर रात्री अकरापर्यंत हॉर्न वाजतात, आणि त्या गर्दीच्या जिवावरच आमचं दुकान चालतं.

आम्ही अख्खा पिझ्झा विकत नाही असं नाही, पण दुकान उभं आहे ते स्लाइसवर. एक स्लाइस चाळीस रुपये. अख्खा पिझ्झा मागवायचा तर घरात चार माणसं लागतात, तीनशे रुपये लागतात आणि अर्धा तास वाट बघायची तयारी लागते. एकट्या माणसाकडे यातलं बहुतेक वेळा काहीच नसतं. त्याच्याकडे असतात दहा मिनिटं आणि भूक. अशा माणसाला गरम आणि ताजं काहीतरी मिळावं, एवढ्यासाठी आमचा दिवस साडेपाचला सुरू होतो.

सकाळी ६.३०

हे ॲक्टिव्हा काढतात. सयाजीपुऱ्याच्या मार्केट यार्डात टोमॅटोचा एक क्रेट घ्यायचा, तो आम्ही आणि शेजारचा दाबेलीवाला अर्धा-अर्धा वाटून घेतो. जून महिना, इथला टोमॅटो संपलेला. माल महाराष्ट्रातून नाहीतर कर्नाटकातून येतो आणि भाव रोज बदलतो. मी लांबट फळ बघते. गोल टोमॅटोत पाणी फार, आणि पाणी म्हणजे ओला, वातड पिझ्झा.

परत आल्यावर टोमॅटो उकळत्या पाण्यात टाकून सोलायचे, हाताने कुस्करायचे. मिक्सरमध्ये घातले तर बिया फुटतात आणि सॉसला कडवटपणा येतो. आमच्या दुकानात कांदा-लसूण अजिबात नाही. पहिल्या वर्षी दोन सॉस करत होते, एक लसणाचा आणि एक जैनांसाठी वेगळा. दोन पातेली, दोन सुऱ्या, दोन चमचे. एका संध्याकाळी गर्दीत तेव्हाच्या कामाच्या मुलाने चमचा चुकीच्या पातेल्यात बुडवला. मी ते पातेलं मोरीत ओतलं आणि दुसऱ्या दिवसापासून लसूण बंद केला. ज्याने विश्वासाने खाल्लं असतं त्याच्या पोटात ते गेलं असतं, हा विचार मला सहन होत नाही.

लसणाची उणीव हिंगाने आणि ओव्याने भरून निघते. ओरेगॅनोचा वास येतो कार्वाक्रॉलमुळे आणि ओव्याचा थायमॉलमुळे. रसायनशास्त्राच्या हिशोबाने ही दोघं सख्खी भावंडं, सूत्र एकच, फक्त रचना वेगळी. दाराशी कुंडीत पानओवा लावलाय. त्याची दोन पानं चिरून सॉसमध्ये घातली की बाटलीतल्या वाळक्या ओरेगॅनोत नसलेला ओलसर वास येतो. शेवटी सुपारीएवढा गूळ. पुण्याची माझी आतेबहीण त्यावर नाक मुरडते. पण बडोद्यात टोमॅटो आंबटच ठेवला तर लोक दुसऱ्यांदा येत नाहीत, आणि मलाही आता गोडसरच आवडतो.

सकाळी ९.३०

उंडे बाहेर. तासभर बाहेर राहिले की सैल पडतात. तोवर चीझ.

चीझच्या बाबतीत बडोद्याचं भाग्य मोठं. आणंद इथून चाळीसेक किलोमीटर. तिथल्या शेतकऱ्यांनी १९४६ साली सहकारी संघ उभा केला, त्यातून अमूल झालं. म्हशीच्या दुधाची पावडर होऊच शकत नाही असं परदेशी तज्ज्ञ सांगत होते. १९५५ साली हरिचंद दलाया यांनी ती आणंदला करून दाखवली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण पिझ्झा परका म्हणून नावं ठेवणारे विसरतात की नेपल्सच्या भागातलं जुनं नामवंत मोझरेला म्हशीच्याच दुधाचं असतं. म्हैस आपल्याला परकी कशी असेल?

एका पिझ्झ्याला १८० ग्रॅम. त्याहून जास्त घातलं की वर तेलाचं तळं साचतं. इथे लोकांना चीझचा डोंगर हवा असतो, वर कच्चं किसून घातलेलं. 'बेन, चीझ वधारे,' हे मी दिवसातून पंचवीस वेळा ऐकते. घालते थोडं. भांडत नाही.

चीझ शाकाहारी आहे का, हे विचारणारे कमी झालेत, पण आहेत आणि त्यांनी विचारलंच पाहिजे. पूर्वी दूध फाडायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरत, परदेशात काही ठिकाणी अजूनही वापरतात. आमच्याकडचं चीझ सूक्ष्मजीवांपासून काढलेल्या रेनेटचं. पाकीट काउंटरवरच ठेवते. ज्याला बघायचं त्याने हिरवा ठिपका बघावा.

सकाळी ११

भट्टी पेटवली. गॅसची, दगडी तळाची. ३०० अंशांपर्यंत चढायला पाऊण तास तरी लागतो. नुसती हवा तापून उपयोग नसतो, दगड आतपर्यंत तापावा लागतो. भट्टीचे चारही पाय विटांवर उचललेत. ते का, ते रात्री सांगते.

स्लाइस नावाचा धंदा या गॅसच्या भट्टीमुळेच उभा राहिला. न्यूयॉर्कमध्ये पूर्वी कोळशाच्या भट्ट्या होत्या, अवाढव्य आणि भयंकर तापणाऱ्या, आणि अख्खा पिझ्झा घेऊन बसून खायची रीत. १९४५ साली युद्धावरून परतलेल्या आयरा नेव्हिन यांनी पिझ्झ्यासाठी गॅसवरची भट्टी बनवली. ती छोट्या दुकानात मावायची, आच हवी तशी ठेवता यायची, आणि भाजून ठेवलेला तुकडा त्याच दगडावर परत गरम करता यायचा. मग गल्लोगल्ली एकेक तुकडा विकणारी दुकानं झाली.

मी असं दुकान पाहिलं लेकीच्या बाळंतपणाला जर्सी सिटीला गेले तेव्हा. जानेवारी, जर्नल स्क्वेअर स्टेशनच्या बाहेर. बोचरा वारा. चिखलाने भरलेले बूट घातलेला एक माणूस आत आला, काउंटरवर पैसे ठेवले, दोन मिनिटं हात चोळत उभा राहिला. कागदाच्या ताटलीत त्याला स्लाइस मिळाली. आपण पोळीची घडी घालतो तशी त्याने ती मधोमध दुमडली, चार घास, हात पुसले, गेला. कुणी त्याला 'बसा' म्हटलं नाही, कुणी 'अजून काय' विचारलं नाही, आणि तरी त्याचा चेहरा निवलेला होता. मला एकदम लहानपणची सेव-उसळ आठवली. वडील कचेरीतून येताना उभ्या उभ्या प्लेटभर खाऊन यायचे आणि आईला सांगायचे नाहीत. तेच समाधान. परत आल्यावर ह्यांना म्हटलं, निवृत्तीचे पैसे घेऊन आपण काय करायचं ते मला कळलंय.

११.४५ वाजता पहिला पिझ्झा दगडावर. लाटणं वापरत नाही. लाटणं फिरवलं की वीस तास धरून ठेवलेली हवा एका दाबात निघून जाते. बोटांच्या टोकांनी मधून कडेकडे दाबत न्यायचं, कड सोडायची, मग दोन्ही मुठींवर घेऊन फिरवायचं. दाहोदकडचा मुलगा आहे आमच्याकडे, दीड वर्ष झालं. सुरुवातीला रोज दोन फाडायचा. आता माझ्यापेक्षा गोल करतो. सोळा इंच, आठ तुकडे. पहिला तुकडा मी खाते. मीठ कळतं, दगड कळतो, कालचा दिवस कळतो.

दुपारी १२ ते २

पहिलं गिऱ्हाईक बहुतेक घरोघर जेवण पोचवणारा एखादा मुलगा असतो. दुसऱ्यांच्या जेवणाची पिशवी पाठीवर आणि स्वतः सकाळपासून चहावर. तो गाडी बंदही करत नाही. 'काकी, एक.' इथे दोन मिनिटांची अडचण येते. थंड स्लाइस मी देत नाही. दगडावर दोन मिनिटं ठेवल्याशिवाय तिचा तळ कुरकुरीत होत नाही, आणि मायक्रोवेव्हमध्ये घातली तर चामडं होतं. तो घाईत, मी हट्टी. आता सगळ्यांना माहीत झालंय. मुलं कोपऱ्यावरूनच हाताने एक-दोन खुणावतात, गाडी दारात येईपर्यंत स्लाइस तयार असते.

माझे नियम दोनच. काउंटरवर एका वेळी दोनच पिझ्झे: एक साधा चीझचा, एक ढोबळी मिरची-मकईचा. आणि भाजून एक तास उलटला की तो तुकडा विकायचा नाही, आम्ही खायचा. काचेच्या पेटीत दिव्याखाली सहा तऱ्हांचे पिझ्झे मांडून ठेवले तर दुकान भरलेलं दिसतं खरं, पण तिसऱ्या तासाला त्यात फक्त रंग उरतो. घाईतल्या माणसाला काहीही चालतं, हा समज मला पटत नाही. त्याच्याकडे दिवसभरात बसून जेवायला वेळ नाही. त्याचं तेवढंच एक जेवण आहे. तेच नीट असायला हवं.

दुपारी २.३०

रस्ता रिकामा. जूनचं ऊन, पाऊस अजून आलेला नाही, हवेत नुसता घाम. समा तलावाकडून वारा येतो तोही गरम. दुकान अर्धं ओढून मी उद्याचं पीठ मळायला घेते. हा माझा सगळ्यात आवडता तास.

रोज पाच किलो मैदा, तीन लिटर शंभर मिली पाणी, शंभर ग्रॅम मीठ, शंभर मिली तेल आणि यीस्ट फक्त दहा ग्रॅम. एवढ्यात साडेचारशे ग्रॅमचे अठरा उंडे. उद्या शनिवार म्हणून आज साडेपाच किलो. पुस्तकात यीस्ट जास्त सांगतात, पण ती पुस्तकं थंड देशांची. बेचाळीस अंशांत तेवढं यीस्ट घातलं तर उंडे ट्रेमधून बाहेर येतील. म्हणून यीस्ट कमी आणि पाणी बर्फाचं. मळून झाल्यावर हात आत खुपसून बघते; पीठ माठातल्या पाण्याइतकं गार लागलं पाहिजे. मग अर्धा तास झाकण. उंडे वळताना प्रत्येकाचा तळ चिमटून बंद करायचा, पुरणपोळीचा उंडा बंद करतो तसा. हे मला कुणी शिकवलं नाही. सासूबाईंच्या हाताखाली होळीला दरवर्षी साठ-साठ पोळ्या केल्या, त्या बोटांत आहेत.

चार वाजता ट्रे फ्रीजमध्ये. आता वीस तास पीठ आपलं काम करतं. त्याला घाई केली की ते पोटात घाई करतं. फुगतं, जड होतं. खाणाऱ्याला दहा मिनिटं असतात म्हणून आमच्याकडे वेळ असावा लागतो.

संध्याकाळी ५ ते ७.२५

क्रीडासंकुलातून मुलं सुटतात. पाठीला रॅकेट, केस ओले, पाचजणांत मिळून दोनशे रुपये. त्यांच्या स्लाइस आधी काढते. शाळा याच आठवड्यात उघडल्यात, नव्या दप्तरांचा वास येतो. एका मुलीला कड आवडत नाही, ती कड भावाला देते. भाऊ फक्त कड खायला येतो.

साडेसहाला आमच्या सोसायटीमागच्या जैन माशी, म्हणजे मावशी, येतात, नातवाला घेऊन. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा आल्या तेव्हा कांदा-लसणाचं विचारतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी वेगळंच विचारलं, पीठ कधी मळलं ते.

'बेन, आ लोट क्यारे बांध्यो?'

मी अभिमानाने सांगितलं, 'काले बपोरे, माशी.' वीस तास आंबवलेलं आहे म्हणून.

'तो तो वासी केवाय. अमाराथी न खवाय.'

मी गप्प झाले. ज्या गोष्टीचा मला सगळ्यात अभिमान, तीच त्यांच्या धर्मात बसत नव्हती. रात्र उलटलेलं पीठ कडक नियम पाळणाऱ्या जैनाला चालत नाही. त्या रागावल्या नव्हत्या. नातवाला मात्र काचेतून पिझ्झा दिसत होता आणि तो आजीच्या पदराला धरून उभा होता.

दुसऱ्या दिवशी मी बिस्किट भाखरी केली. गव्हाचं जाड दळलेलं पीठ, मुठीत धरलं तर गोळा राहील इतकं तुपाचं मोहन, घट्ट मळायचं, मंद आचेवर कापडाच्या बोळ्याने दाबत दाबत खुसखुशीत भाजायचं. यीस्ट नाही, आंबवणं नाही, त्याच दिवशी मळलेली. वर सॉस, चीझ, पाच मिनिटं भट्टीत. भाखरी पिझ्झा गुजरातेत घरोघर करतात, मी काही शोध लावला नाही. फक्त तो विकायला ठेवावा हे मला सुचायला एक आजी यावी लागली. आता रोज सहा भाखऱ्या असतात. नातू दोन खातो.

हे सगळं सूर्यास्ताआधी. त्यानंतर चोविहार पाळणारे पाणीही पीत नाहीत. या दिवसांत बडोद्यात सूर्य ७.२५ च्या सुमारास मावळतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजची वेळ बघून मी पाटीवर खडूने लिहून ठेवते. सात वाजून गेले की त्या घरांची ऑर्डर रांग मोडून आधी काढायची, मुलालाही तसं सांगून ठेवलंय. रांगेतले बाकीचे कधी कुरकुरले नाहीत. हे या गावाचं मोठेपण.

रात्री ७.४५

ही वेळ नर्सची. मूळची जळगावची, इथे एका दवाखान्यात रात्रपाळी करते. दुकानात मराठी बोलायला मिळतं म्हणून दोन चौक लांबून येते. 'काकू, कड जरा कडक होऊ द्या.' स्टुलावर कधी बसत नाही. फळीपाशी उभी राहते, एका हाताने फोनवर घरी मुलाला गृहपाठाचं विचारते, दुसऱ्या हाताने स्लाइस दुमडते. चार-पाच घास. ओढणीला डाग पडलाय का ते बघते. सकाळी घरी परत जाईपर्यंत तिला परत काही गरम मिळेल की नाही सांगता येत नाही. तिच्यासाठी मी दोनाऐवजी तीन मिनिटं ठेवते.

तिच्या मागोमाग पाळी सुटलेले कारखान्यातले लोक, क्लासची मुलं, भाजी घेऊन घरी निघालेले. साडेनऊपर्यंत मान वर करायला होत नाही. नवरात्रात तर गरबा सुटल्यावर रात्री एकनंतर रांग लागते, घागरे-केडियातली भुकेली मुलं. त्या नऊ रात्री आम्ही दुपारी झोपतो.

रात्री १०.३०

भट्टी बंद. दगड सकाळपर्यंत कोमट राहतो. मुलगा काउंटर पुसतो, हे हिशोब लिहितात, मी मैद्याची पोती वरच्या फळीवर चढवते. रोज चढवते, आभाळ निरभ्र असलं तरी. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी २६. समात पाणी शिरलं, वीज गेली, आम्ही वरच्या मजल्यावरून खाली बघत होतो आणि दुकानात काळं पाणी भट्टीच्या तळाला लागलं होतं. फ्रीजमधले सगळे उंडे फुगून फुटले. पाणी ओसरल्यावर चार दिवस चिखल काढला. पहिल्या दिवशी भट्टी पेटली तेव्हा शेजारपाजारचे खायला आले ते भूक लागली म्हणून नव्हे, दुकान उघडलं हे बघायला. विटा तेव्हापासून आहेत.

आजचा हिशोब: सतरा पिझ्झे, १३६ स्लाइस. १२९ विकल्या, ७ आम्ही खाल्ल्या. एक उंडा उरला, त्याची उद्या सकाळी तव्यावर रोटी होईल. सहाही भाखऱ्या संपल्या.

शटर ओढायच्या आधी पाटी पुसून मुलाने उद्याचं लिहिलं: शनिवार, वीस उंडे, बर्फ जास्त, सूर्यास्त ७.२६.